फोमची चिरेबंदी भिंत

दगडी भिंत करायची म्हटलं की लोक सगळ्यात आधी राखाडी रंगाचा डबा विकत आणतात. आणला असेल तर बाजूला ठेवा. तो लागेल अगदी शेवटी, आणि तोही दोन-तीन चमचे. भिंत खरी वाटते ती सांध्यांमुळे. रंग कितीही चांगला जमला आणि सांधे चुकले, तर गणपतीमागे कुणीतरी फरशी बसवली आहे असंच वाटतं. उलट सांधे नीट असतील तर नुसत्या काळ्या रंगातही भिंत उभी राहते.

कॉलेजात असताना मी एकांकिकांची नेपथ्यं रंगवायचे. आता कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीची आरास माझ्या गळ्यात असते, शिवाय अधूनमधून कुणाच्या मुंजीची, कुणाच्या डोहाळजेवणाची मागची भिंत. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच भिंतीच्या हिशेबाने आहे. घरच्या मखरासाठी हवी असेल तर मापं कमी करा, रीत तीच.

आधी थर्माकोलचं बोलून घेऊ, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी "थर्माकोलचं करा की, स्वस्तात होईल" म्हणतंच. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्याच वर्षी गणपतीपुरती सवलत द्या म्हणून उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, तीही मिळाली नाही. कायदा बाजूला ठेवला तरी थर्माकोल मला आवडत नाही. कापताना त्याचे दाणे घरभर उडतात, रबरी गोंद लावला की तो जागच्या जागी विरघळतो, आणि दुसऱ्या वर्षी माळ्यावरून काढावा तर कोपरे तुटलेले. एका उत्सवासाठी केलेली आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेलेली भिंत कुठल्याही मालाची असली तरी महागच.

मी वापरते तो ईव्हीए फोम. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवायच्या ज्या मऊ चटया टाकतात ना, त्या याच फोमच्या असतात. दोन फुटी चौकोन, साधारण दहा ते बारा मिलिमीटर जाड. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत अशा घरांत या चटया दिवाणाखाली पडून असतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप टाकला की निम्मा माल फुकट जमतो. रंग कुठलाही असू दे, गुलाबी, पोपटी, अगदी ए बी सी डी छापलेल्या असू देत, सगळं झाकलं जाणार आहे. आठ बाय सहाच्या भिंतीला अशा बारा-तेरा चटया लागतात, दोन जास्तीच्या धरा. नव्या घ्यायच्या तर खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात. सुट्या शीट हव्या असतील तर रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी करा, मात्र गणपतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी तिकडे जाऊ नका, चालायलाही जागा नसते.

एक सावधगिरी. जुनी योगा मॅट कुणी आणून दिली तर ती कशाची आहे ते बघा. बऱ्याच मॅट पीव्हीसीच्या असतात. हाताला जड आणि किंचित चिकट लागते ती बहुधा पीव्हीसीचीच. आपल्याला पुढे फोम तापवायचा आहे आणि पीव्हीसी फार तापलं की त्यातून विषारी, घसा जाळणारा वायू निघतो. शंका असेल तर ती मॅट घेऊच नका.

आता चटया घरात आल्या की लगेच कटर उचलायचा नाही. एक संध्याकाळ काढून खरी भिंत बघून यायची. पुण्यात राहून दगडी भिंतीचे फोटो इंटरनेटवर शोधायचे म्हणजे कमालच झाली. तिकडे सापडतात त्या विलायतेतल्या गोलगोल धोंड्यांच्या भिंती, मध्ये जाड सिमेंट. त्या गणपतीमागे लावल्या की देखावा कुठल्यातरी रिसॉर्टचा होतो.

शनिवारवाड्याला जा. तिकीट काढून आत जायचीही गरज नाही, बाहेरून तटाच्या कडेने चाला. १७३० मध्ये पाया घातलेल्या या वाड्याच्या तटाला खाली काळा दगड आहे आणि वर विटा. दुपारी चार-पाचच्या सुमारास गेलात तर ऊन तिरपं पडतं आणि प्रत्येक सांध्यात सावली दिसते. ती सावलीच आपल्याला फोममध्ये आणायची आहे. फोटो काढताना शेजारी एखादी इंचपट्टी किंवा निदान पेन धरा, म्हणजे नंतर माप कळतं.

बघायचं काय? थर. घडीव चिऱ्यांच्या भिंतीत दगड आडव्या थरांत बसवलेले असतात, पण सगळे थर एका उंचीचे नसतात. एका थरात सगळे दगड साधारण एका उंचीचे, लांबी मात्र कमीजास्त. वरच्या थरातला उभा सांधा खालच्या सांध्यावर कधी येत नाही, गवंडी तो मोडतोच. चार थर सलग एकाच रेषेत उभी चीर गेली की खरी भिंत तिथे फुटते आणि आपली भिंत तिथे खोटी पडते. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं. खालच्या बाजूला मोठे दगड, कोपऱ्यावर आणि कमानीपाशी सगळ्यात नीट घडवलेले. मधल्या भरावात जिथे दोन दगड जुळले नाहीत तिथे लहान कपच्या ठोकून बसवलेल्या. या कपच्या विसरू नका, भिंतीला जिवंतपणा त्यांच्यामुळे येतो.

सवड असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वरही बघा. तिथे सांधा सापडणार नाही, कारण ते लेणं एकाच खडकात कोरलेलं आहे. पण आपला दख्खनचा बेसाल्ट जवळून कसा दिसतो ते तिथे हात लावून कळतं. तो काळा नसतोच. त्यात तपकिरी असतो, कारण दगडातलं लोह गंजतं. कुठे हिरवट झाक असते. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूची बारीक छिद्रं असतात आणि काही ठिकाणी त्या छिद्रांत पांढरी खनिजं भरलेली असतात. फोमवर हे सगळं करता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

घरी आल्यावर कागदावर भिंत आखा. दगडाचं माप ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूर्ती दीड फुटाची आणि मागचे चिरे फूटभर उंच असं झालं तर बाप्पा केविलवाणे दिसतात. दीड-दोन फुटी मूर्तीमागे तीन ते चार इंच उंचीचे थर शोभतात, लांबी पाच ते नऊ इंच. माणसं समोर उभी राहणार असतील, म्हणजे नाटकाला किंवा फोटो काढायच्या भिंतीला, तर थर आठ-दहा इंचांचे घ्या. खालचे दोन थर नेहमी इंचभर जास्त.

पाठीला पुठ्ठा. फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा खोका मिळवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितला तर देतात. चार फूट बाय तीन फुटांचे चार तुकडे करा, मागून लाकडी पट्ट्यांची चौकट मारा. भवानी पेठेत टिंबर मार्केटला पट्ट्या कापून मिळतात आणि तिथूनच एक पिशवी लाकडाचा भुसा मागून आणा, पुढे दोनदा लागणार आहे. आठ बाय सहाचा एकच सांगाडा करू नका. तो लिफ्टमध्ये जात नाही, जिन्यात वळत नाही, आणि मग चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दोरीने सोडायचे उद्योग सुरू होतात. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी पातळ फेविकॉलचा हात द्या. भाद्रपदातली हवा ओली असते आणि कोरा पुठ्ठा पाणी पितो, मग पोटात वाकतो.

कापायला साधा कटर, मोठ्या पात्याचा. पातं हे या कामातलं खरं हत्यार आहे, त्यावर कंजुषी करू नका. कडा फाटल्यासारखी खरबरीत यायला लागली की पात्याचा तुकडा मोडून नवा काढा. एका दमात आरपार कापायचं नाही. पहिल्या फेरीत अर्ध्या जाडीपर्यंत, दुसऱ्या फेरीत आरपार. खाली जुना पुठ्ठा ठेवा, डायनिंग टेबल नको.

चटईची नक्षीची बाजू खाली, सपाट बाजू वर. खडूने दगड आखा. पट्टी वापरायची ती फक्त थराची आडवी रेष मारायला. उभ्या कडा हाताने कापा, किंचित तिरक्या होऊ देत. दगड कापून झाला की वरच्या चारी कडा कटर तिरका धरून तासा. कुठे दोन मिलिमीटर, कुठे पाच, एखादा कोपरा उडालेला. इथे बहुतेक जण सगळे कोपरे सारखे गोल करतात, तो मोह टाळा. घडीव काळा पाषाण टोकदार असतो. पाथरवटाच्या हातातून तो गुळगुळीत होऊन येत नाही. राहिलेल्या चुऱ्यातून, पट्ट्यांतून कपच्या काढून ठेवा. एकाच जाडीचे दगड असतील तर दर चार-पाच दगडांमागे एकाच्या पाठीला फोमचा पातळ तुकडा चिकटवा, म्हणजे तो भिंतीतून थोडा पुढे येईल. खरी भिंत इस्त्री केलेली नसते.

आता पोत, आणि इथे घाई नको, कारण याच टप्प्याला फोमचा दगड होतो.

हॉट एअर गन लागेल. घरात नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे असते, त्याच्याकडून मागून घ्या. केस वाळवायच्या ड्रायरने हे काम होत नाही. गॅलरीत किंवा गच्चीवर बसा, मास्क लावा. दगडाच्या पृष्ठभागावर आधी काय कोरायचं ते कोरून घ्या. टाकीच्या, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीच्या, खुणा हव्या असतील तर कटरने वरच्या वर, मिलिमीटरभर खोल, तिरक्या समांतर रेघा मारा. ओळीने आखलेल्या नकोत, पाच-सहा एका दिशेला, मग थोडी जागा सोडून आणखी चार. तडा हवा असेल तर एकच नागमोडी चीर जरा खोल. मग गन चार-पाच इंचांवर धरून सतत फिरवत राहा. डोळ्यांदेखत त्या चिरा उघडतात. ईव्हीएचा हा गुण फार उपयोगाचा आहे, गरम हवेने कापलेली जागा फाकते आणि तशीच राहते. कोरून बोटं दुखवायची गरज नाही. पृष्ठभागावर किंचित चकाकी आली की फोमची छिद्रं बंद झाली समजा, गन लगेच काढा. त्याच जागी धरून ठेवलीत तर फोम फुगतो आणि कडा वर वळतात.

फोम गरम असतानाच दाब द्यायचा. गार फोम दाबला की पुन्हा वर येतो, गरम दाबला की ठसा धरून ठेवतो. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा लिंबाएवढा गोळा चुरगळून घट्ट करा आणि तो दगडावर फिरवत फिरवत दाबा. मी खरा दगडही वापरते. टेकडीवरून आणलेला एक मूठभर खडा आहे, त्याची एक बाजू इतकी छान खडबडीत आहे की तो आता आमच्या हत्यारांच्या डब्यातच राहतो. छिद्रांसाठी बॉलपेनचं बंद टोक, पेन्सिलची मागची बाजू, जे असेल ते टोचा. पण छिद्रं झुबक्याने असतात. एका दगडावर भरपूर, शेजारच्या तीन दगडांवर एकही नाही, असं करा. सगळीकडे सारखी टोचली तर दगडाला गोवर आलेला दिसतो.

चिकटवायला रबरी गोंद, फेविकॉल एसआर ९९८ किंवा त्या जातीचा. पांढरा फेविकॉल फोमला नीट धरत नाही. रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, दगडाच्या पाठीला आणि पुठ्ठ्यालाही, आणि मग थांबायचं. साधारण दहा मिनिटं, पावसाळी हवेत पंधरा-वीस. बोट लावलं तर चिकट वाटेल पण तार येणार नाही, तेव्हा दाबा. एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून आधी सगळे दगड कोरडेच मांडून बघा आणि पाठीला नंबर घाला. याच्या वासाने डोकं धरतं आणि तो चटकन पेटतो. दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि शेजारी गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको.

दोन दगडांत पाच ते आठ मिलिमीटर जागा सोडा. कपच्या जिथे बसतात तिथे बसवा. चार सांगाडे शेजारी ठेवून मांडणी करा, म्हणजे थर एकाचे दुसऱ्याशी जुळतील. आणि जे दगड दोन सांगाड्यांच्या मधल्या रेषेवर येतात ते चिकटवूच नका. त्यांच्या पाठीला वेल्क्रो लावा. मांडवात सांगाडे उभे करून झाले की हे दगड वरून दाबून बसवायचे, जोड गायब. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे एक काका दरवर्षी जोड शोधत भिंतीजवळ येतात, बोटाने टकटक करतात आणि "फोम आहे होय" म्हणून जातात. जोड त्यांना अजून सापडलेला नाही.

दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायच्या त्या दगड रंगवण्याआधी की नंतर, यावर वाद घालणारे भेटतील. मी आधी भरते. चाळलेला लाकडाचा भुसा, त्यात पांढरा फेविकॉल, थोडी बारीक चाळलेली वाळू आणि थेंबभर पाणी. धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत झालं पाहिजे. भिंतीला लावायची पुट्टी यात घालू नका. फोम लवतो, पुट्टी लवत नाही, सांगाडा जिन्यातून नेताना तिचे तुकडे पडतात. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून त्यात हे मिश्रण भरा, कोपरा कापा आणि सांध्यात सोडत जा. भरून झाल्यावर जुन्या टूथब्रशने आत ढकला. सांधा दगडाच्या पातळीपर्यंत भरायचा नाही, तीन-चार मिलिमीटर आत राहू द्या. शनिवारवाड्याला दिसलेली सावली इथून येते. एखाद्या ठिकाणी दरज गळून पडलेली दाखवायची असेल तर तिथे भरूच नका, आत काळा रंग लावा. एक पूर्ण दिवस वाळू द्या.

मग अस्तर. फेविकॉल आणि पाणी समसमान, त्यात काळा स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) घालून सगळ्या भिंतीला दोन हात. यामुळे फोम रंग पीत नाही आणि रंग नंतर पापुद्रे होऊन निघत नाही. काळा घालायचं कारण सोपं आहे, खाचाखोचांत ब्रश पोचला नाही तरी तिथे गुलाबी चटई डोकावत नाही.

रंगाला महागडे अॅक्रिलिक आणायची गरज नाही. रंगाच्या दुकानात मशीनवर गडद कोळशाच्या छटेचं एक लिटर मॅट इमल्शन करून घ्या. चकचकीत अजिबात नको, दगड चमकला की खेळ संपला. सोबत स्टेनरच्या लहान बाटल्या. काळा, यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड, हिरवा. आणि पांढऱ्या इमल्शनचा सगळ्यात लहान डबा.

पहिला हात सगळ्या दगडांना कोळशी. तो वाळला की वाट्या घेऊन बसा. एका वाटीत त्याच रंगात थोडा रेड ऑक्साइड, दुसरीत यलो ऑक्साइड, तिसरीत हिरव्याचे दोन थेंब, चौथीत थोडा पांढरा. आता भिंतीवरचे दगड एकेक करून या छटांत रंगवा, पण निम्म्यापेक्षा जास्त दगड मूळ कोळशीच राहू द्या. शेजारी शेजारी एकच छटा नको, आणि ठरावीक अंतराने पुन्हा तीच छटा असंही नको. लांब जाऊन डोळे बारीक करून बघा. एखादा दगड ओरडत असेल तर त्यावर पुन्हा कोळशी फिरवा.

त्यानंतर पातळ पाण्यासारखा तपकिरी रंग, म्हणजे काळा, रेड ऑक्साइड आणि भरपूर पाणी, मोठ्या ब्रशने सगळीकडे सोडायचा आणि ओल्या फडक्याने दगडांच्या वरून टिपून घ्यायचा. टाकीच्या खुणा, छिद्रं, तडे यांत तो साचतो आणि अचानक सगळं कोरीव काम दिसायला लागतं. आता तो सुरुवातीला बाजूला ठेवलेला राखाडी डबा आणा. रुंद, कडक केसांचा ब्रश त्यात जेमतेम टेकवा, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि दगडांच्या कडांवरून, उंचवट्यांवरून हलके फिरवा. वरच्या कडांना जास्त, खालच्यांना कमी, कारण उजेड वरून येतो. हात आवरा. हे काम इतकं मजेचं आहे की माणूस थांबत नाही आणि भिंत पिठात घोळल्यासारखी होते. छिद्रांच्या झुबक्यांपैकी दोन-तीन ठिकाणी बारीक काडीने पांढऱ्याचे थेंब भरा. फार नाही.

दरजांना चुन्याचा रंग. पांढरा, त्यात यलो ऑक्साइड आणि किंचित काळा. शुभ्र पांढरी दरज नव्या बंगल्याच्या कंपाउंडला असते. जुन्या चुन्याला धुळीचा, पावसाचा रंग चढलेला असतो.

पावसात उभी राहिलेली भिंत दाखवायची तर खाली फूटभर आणि जिथे पाणी मुरेल असं वाटतं तिथे शेवाळ. उरलेला भुसा हिरव्या, काळ्या आणि पिवळ्या स्टेनरमध्ये कालवून वाळवा, दरजांत फेविकॉल लावून वर भुरभुरा. नुसता हिरवा स्टेनर विषारी दिसतो, त्यात काळा आणि पिवळा हवाच. वरून खाली ओघळ दाखवायला पातळ काळपट रंगाचा थेंब सोडा आणि भिंत उभी करून त्याला त्याच्या मनाने वाहू द्या. ब्रशने ओढलेला ओघळ लगेच कळतो. दरजेतून उगवलेलं पिंपळाचं रोपटं हवं असेल तर ते कागदाचं करा, एकच. दोन केलीत तर भिंत पडीक दिसायला लागते, आणि बाप्पा पडक्या वाड्यात बसवल्याची तक्रार महिला मंडळाकडून येते.

शनिवारवाड्याच्या तटासारखी वरची बाजू विटांची करायची असेल तर पाच-सहा मिलिमीटर जाडीची पातळ शीट पुरते. जुन्या वाड्यांतल्या विटा आजच्या विटांपेक्षा चपट्या असतात, म्हणून उंची कमी, लांबी जास्त ठेवा. पोत फॉइलच्या गोळ्याने हलकाच. रंग रेड ऑक्साइड, त्यात काळा आणि पिवळा कमीजास्त. कोकणातल्या घराचा देखावा असेल तर काम आणखी सोपं होतं. जांभ्याचे चिरे सगळे एका मापाचे, कपच्या नाहीत, टाकीच्या खुणा कमी, पण छिद्रं भरपूर आणि मोठी. तिथे गोवर चालतो.

दिव्यांचा खर्च रंगापेक्षा जास्त उपयोगी पडतो. समोरून पांढरा फोकस मारला की केलेलं सगळं कोरीव काम सपाट होतं. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून दोन लहान उबदार पिवळे एलईडी फोकस आणा आणि भिंतीच्या एका बाजूला, वरच्या कोपऱ्यात, भिंतीला जवळजवळ घासून उजेड जाईल असे तिरके लावा. दुसरी बाजू अंधारात राहू दे. मूर्तीवर वेगळा दिवा द्या, तो भिंतीवर सांडणार नाही असा. हॅलोजन नको, तो तापतो.

आणि हा सगळा फोम आहे हे आरतीच्या वेळी विसरायचं नाही. ईव्हीए पेटतो आणि पेटला की वितळून ठिबकतो. समई, निरांजन, कापूर, धूप भिंतीपासून निदान तीन फुटांवर, आणि वाऱ्याने ज्योत मागे वळणार नाही अशा बेताने. पंखा असेल तर तो कुठून वारा देतो ते आधी बघा. वायरी भिंतीच्या पाठीला चिकटवू नका, लाकडी पट्टीला क्लिपने धरा. पाण्याची बादली आणि सोसायटीचं अग्निशामक मांडवातच ठेवा. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला असून उपयोग नाही.

वेळेचं गणित पावसाचं आहे. गोंद, दरजा, अस्तर, रंग प्रत्येक टप्प्याला वाळायला वेळ लागतो आणि श्रावणात तो दुप्पट होतो. श्रावण लागला की काम सुरू करा. प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री ओली भिंत मांडवात नेली तर सजावटवाल्या मुलांच्या शर्टांवर तिचा ठसा उमटतो, भिंतीवर शर्टांचा.

विसर्जनानंतर वेल्क्रोचे दगड काढून एका पिशवीत, पिशवीवर वर्ष आणि भिंतीचा नकाशा. सांगाडे झाडून कोरडे करा आणि उभे ठेवा, आडवे रचले की खालचे दगड चपटतात. रंगवलेल्या दोन बाजू समोरासमोर ठेवायच्या असतील तर मध्ये जुनी सुती साडी घाला. वर्तमानपत्र नको, ते उकाड्यात चिकटतं आणि मग पुढच्या वर्षी दगडावर बातम्या वाचायला मिळतात. गच्चीवर उन्हात ठेवू नका, फोम कडक होतो. पुढच्या वेळी तीच भिंत ओळखू येऊ नये म्हणून सांगाड्यांची जागा बदला, वरचे खाली, डावे उजवे. फक्त मोठ्या दगडांचे खालचे दोन थर खालीच राहिले पाहिजेत, त्यामुळे ते थर सांगाड्यावर न चिकटवता लांब पट्टीवर वेगळे करून ठेवलेले बरे.